तासांची वही

प्रिय बंड्या,

आठ महिने तुला पत्र नाही, रागावला असशील. इथे परदेशात तब्येत बरी, गुडघा तेवढा कुरकुरतो. रविवारी रात्री मोबाइलवर पुढच्या आठवड्याच्या पाळ्या आल्या. माझ्या नावापुढे फक्त १४ तास. त्याआधी ४४ होते. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? घरचे म्हणतील, काम तर आहे ना.

तुझ्यासारख्या रेघा मारून वहीत तास लिहितो: ५२, ३८, एक आठवडा शून्य, मग ४४. सरासरी काढली तर बरी दिसते, पण घरमालक सरासरी घेत नाही रे. चांगल्या महिन्यात घरी जेवढे पाठवले तेवढेच आता कायमचे धरले गेलेत. पडत्या महिन्यात उसने काढून पाठवतो. आधी तीन महिन्यांचं भाडं बाजूला टाक, असं तू सांगितलं होतंस. त्यावरून मी तुला दगड म्हणालो, आणि त्याच रात्री भर पावसात माझी पेटी खांद्यावर घेऊन तू दोन मजले चढलास. तो शब्द मागे घेतो.

शेजारच्या मशिनवरचा मुलगा इथलाच. त्याला काम मी शिकवलं. परवा त्याची पगाराची चिठ्ठी टेबलावर राहिली होती. दर माझ्यापेक्षा जास्त, आणि तास ठरलेले, आठवड्याला ४०. त्याच्यावर राग नाही, मला ताप आला की माझी पाळी तोच सांभाळतो. पण काम घटलं की आधी आमचेच तास कापतात. इथे काम करायचा परवाना मालकाशी बांधलेला, आम्ही जाणार कुठे?

आमच्या युनियनच्या बैठकीत एका बाईंनी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२० चा अहवाल वाचून दाखवला. श्रीमंत देशांत स्थलांतरितांना तासामागे स्थानिकांपेक्षा सरासरी सुमारे १३ टक्के कमी मिळतात. स्थलांतरित बायांना तर स्थानिक पुरुषांपेक्षा सुमारे २१ टक्के कमी. आपला मास्तर म्हणाला, "माझं वजनही तेवढंच घटलंय!" सगळे हसले. माझ्या मनात एकच, हा हिशोब मिळालेल्या तासांचा. न मिळालेल्यांचं काय? स्थलांतरितांना वेतनात समान वागणूक देण्याचा याच आंतरराष्ट्रीय संघटनेचा ९७ क्रमांकाचा करार १९४९ पासून आहे, पण बहुतेक देशांनी तो स्वीकारलेलाच नाही.

धाकटीचा निकाल लागला का? नवी जागा कशी आहे? वहिनींना नमस्कार.

आता घरी खरा आकडा सांगायचाय. तू वहिनींना पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा सुरुवात कशी केलीस, अगदी कुठल्या शब्दांनी, ते कळव. फोन करू नकोस, फोनवर मी "मजेत आहे" म्हणून मोकळा होईन. पत्रच लिही.

तुझाच,
पेटीवाला