गवतातला आवाज

पुणे, २० सप्टेंबर

प्रिय अन्या,

गणपती उरकले आणि माझं वेताळ टेकडीवर जाणं पुन्हा सुरू झालं. खाणीच्या वरच्या अंगाला कुसळीचं गवत कमरेला लागतेय.

दोन वर्षं मी मनात धरून बसलो होतो की आपले ते लांब मिशांचे नाकतोडे टेकडीवरून गेले. आवाजच येईना. गिरिपुष्पाच्या झाडांच्या लागवडीने गवत हटलं, त्याबरोबर तेही संपले, असं वाटून फार हळहळलो. परवा भाची सोबत होती, अकरा वर्षांची ईरा. चालता चालता थबकली. ‘मामा, गवत बघ कसं सिर्रर्र करतंय!’

मला काहीच ऐकू आलं नाही रे.

तिने बोट दाखवलं तिथे वाकलो. काडीवर होता. जेमतेम दोन सेंटिमीटरचा, पोपटी, डोक्यापासून पाठीवर उतरलेला तपकिरी पट्टा, पंखांवर काळसर ठिपके. आपला नाकतोडाच, शास्त्रीय नाव कोनोसेफॅलस मॅक्युलेटस. मी चेहरा जवळ नेला तसा तो काडीच्या पलीकडे सरकला. मी बाजू बदलली, तो पुन्हा पलीकडे. जरा वेळाने निर्धास्त झाला आणि डावा पंख उजव्यावर घासायला लागला. पंखांची थरथर स्पष्ट दिसत होती. आवाज फक्त ईराला.

या जातकुळीचा आवाज बराचसा वीस हजार हर्ट्झच्या वरचा, माणसाच्या कानापलीकडचा. त्याची खालची कड तेवढी आपण ऐकायचो. वयाबरोबर कान वरच्या सुरांनाच आधी मुकतात. मादीचे कान मात्र पुढच्या पायांत, गुडघ्याखाली. तिला सगळं पोचतं.

१८४१ साली नाव मिळालेला, आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेला हा किडा, पण त्याची चौकशी कोण करतो? भातातला त्याचा भाऊबंद खोडकिड्याची अंडी खातो, म्हणून त्याच्याकडे लक्ष तरी गेलं. आपल्या टेकडीवरच्याकडे कोणी बघायचं? मादी तलवारीसारख्या नळीने गवताच्या पानाच्या वेष्टणात अंडी घालते. काडी वणव्यात जळली की अंडीही गेली. उन्हाळ्यात टेकडीवर धूर दिसला की आता पोटात कालवतं.

तू दसऱ्याच्या आत ये. तुझे कान पहिल्यापासून तिखट, तुला अजून ऐकू येत असेल. नाहीच आलं तर ईरा बोट दाखवेल, आपण दोघं पंख बघत बसू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मन्या