पिशवी तेवढीच, तेल मात्र कमी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

किराण्याचं बिल दर महिन्याला वाढतंय आणि पगार आहे तिथेच, हे घरोघरी चाललंय, पण मला तेलाबद्दल मुद्दाम लिहायचंय. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन, सूर्यफूल तेलावर 20 टक्के आयात शुल्क लावलं तेव्हा भाव लगेच चढले, मे 2025 अखेर ते 10 टक्क्यांवर आणलं तरी आमच्या दुकानात म्हणावा तसा फरक दिसला नाही. बरं, शेतकऱ्याला तरी मिळालं का, तर त्या हंगामात सोयाबीनचा क्विंटलला 4892 रुपयांचा हमीभाव कित्येकांच्या हाती पडलाच नाही.

त्यात पिशवीचा खेळ वेगळाच. लिटरच्या पिशवीत साधारण 910 ग्रॅम तेल असतं, आता तशाच दिसणाऱ्या पिशव्या 850, 800, अगदी 750 ग्रॅमच्याही येतात, स्वस्त वाटते म्हणून बाई उचलते आणि महिना संपायच्या आत तेल संपतं. मी आता बारीक अक्षरात छापलेला ग्रॅममागचा दर बघूनच घेते, पण ज्यांना वाचता येत नाही त्यांनी काय करायचं? वजनमापे खात्याने ठरावीक मापाच्याच पिशव्या सक्तीच्या कराव्यात आणि वजन पुढच्या बाजूला मोठ्ठं छापायला लावावं, ही कळकळीची विनंती.

– एक गृहिणी, लातूर