शिक्षण कराचा शाळावार हिशेब द्या

महोदय,

मालमत्ता कराची बिले हाती पडली की बोलणे ठरलेलेच असते. वाढ किती झाली, लवकर भरल्यास सवलत किती आणि थकबाकीदारांची शास्ती यंदाही माफ होणार का. (वेळेवर भरणाऱ्याला ‘अभय’ कधीच मिळत नाही, हा वेगळा विषय.) बिलातल्या करांच्या रांगेत मात्र फारसे कोणी डोकावत नाही. सर्वसाधारण कर, वृक्ष कर, अग्निशमन कर यांच्या सोबतीने तिथे शिक्षण कर दोनदा आलेला दिसेल. एक महापालिकेचा आणि दुसरा राज्य शासनाचा.

शासनाचा कर आहे 1962 च्या शिक्षण व रोजगार हमी उपकर कायद्याचा. घरांवर तो करपात्र मूल्यानुसार 2 ते 6 टक्के लागतो, दुकाने-कार्यालयांवर त्याच्या दुप्पट. वसुली महापालिका करते, पैसा जमा होतो राज्याच्या तिजोरीत. आमच्या सोसायटीत बहुतेकांची समजूत अशी की ही रक्कम पलीकडच्या गल्लीतल्या मनपा शाळेच्या कामी येते. तसे ते नाही. शिवाय वसूल झालेला उपकर काही महापालिका राज्याकडे वेळेत भरत नाहीत, असा शेरा ‘कॅग’ने (सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी) अनेक अहवालांत मारला आहे. नागरिकाने भरलेला पैसा ना शाळेत, ना तिजोरीत, असा मधल्या मध्ये अडकून पडतो.

कर कमी करा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2019 मध्ये फक्त सर्वसाधारण कर माफ झाला, बाकीचे कर चालूच राहिले. मग ओरड झाली आणि 2022 मध्ये सगळेच माफ झाले. या दोन्ही वेळी महापालिकेच्या शाळांचा खर्च यापुढे कुठून भागवायचा, हा प्रश्न चर्चेत कुठेच नव्हता. करमाफीच्या घोषणेला टाळ्या मिळतात. शाळेच्या गळक्या छताबद्दल बोलायला माणूस नसतो, कारण ज्यांची मुले तिथे शिकतात त्यांच्यातले पुष्कळजण भाड्याच्या खोलीत राहतात आणि बिल त्यांच्या नावावर येतच नाही.

पूर्वी महापालिकांची शिक्षण मंडळे होती. गणवेश, दप्तरे, रेनकोट यांच्या खरेदीवरून तिथे गाजलेली प्रकरणे आठवली की ती बरखास्त झाली याचे दुःख वाटत नाही. पण मंडळाचे अंदाजपत्रक वेगळे असायचे आणि त्यावर भांडायला तरी जागा होती. आता शिक्षण हे एक खाते झाले. त्यातच निवडणुका न झाल्याने 2022 पासून अनेक शहरांत प्रशासकच होते. अंदाजपत्रक करणारेही तेच आणि मंजूर करणारेही तेच. जानेवारी 2026 मध्ये निवडणुका होऊन नगरसेवक सभागृहात आले आहेत, म्हणून हे पत्र.

शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक सरकारी आणि पालिका शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. या समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि स्थानिक प्राधिकरणाने त्याच्या आधारे अनुदान ठरवायचे, असे कलम 22 सांगते. प्रत्यक्षात हे आराखडे शाळेच्या कपाटात असतात आणि अंदाजपत्रकात ‘शाळा दुरुस्ती’ या शीर्षाखाली एकच ठोक आकडा. कोणत्या शाळेच्या स्वच्छतागृहाला त्यातले किती मिळाले, ते त्यावरून कळत नाही.

माझी मागणी फार खर्चिक नाही. अंदाजपत्रकाला एक जोडपत्र लावावे. त्यात प्रत्येक मनपा शाळेची पटसंख्या, रिक्त शिक्षकपदे, समितीने मागितलेली रक्कम, मंजूर रक्कम आणि मागच्या वर्षी झालेला खर्च असावा. दोन्ही शिक्षण करांची वसुली किती झाली आणि शासनाचा हिस्सा कधी भरला, तेही तिथेच छापावे. ही माहिती लेखा विभाग आणि शिक्षण खात्याकडे असतेच. नव्या नगरसेवकांपैकी एकाने जरी स्थायी समितीत हे जोडपत्र मागितले, तरी पुढच्या अंदाजपत्रकाआधी ते तयार होऊ शकते. महापालिका अधिनियमाप्रमाणे करांचे दर 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. त्याआधी हे जोडपत्र नागरिकांच्या हाती यावे.

– एक करदाता, पुणे