खूण कोणत्या चौकटीवर करू?

प्रति,
मा. समाजकल्याण मंत्री यांस,

विषय : अनुदानाच्या अर्जातला रकाना क्रमांक ७

सा. न. वि. वि.

अर्ज पुढ्यात आहे. सहा रकाने भरून झाले, सातव्याशी गेले आठ दिवस अडले आहे. 'लाभार्थी गट' असं त्याचं नाव. खाली चार चौकटी : बालके, युवक, महिला, ज्येष्ठ नागरिक. आणि कंसात सूचना, 'फक्त एकाच चौकटीवर खूण करावी.'

आमचं केंद्र म्हणजे एक लांबट हॉल, त्याला लागून दोन खोल्या, पुस्तकांचं एक कपाट आणि किल्ल्यांचा एक जुडगा. पगारी माणूस एकही नाही. आठवड्यातले सहा दिवस संध्याकाळी कुणीतरी येऊन कुलूप काढतं, दिवे लावतं, साडेआठला झाडून पुन्हा कुलूप लावतं. पाळी कुणाची, ते दारामागे टांगलेल्या वहीत लिहिलेलं असतं. वस्तीतल्या कुणीही यावं, बसावं, एवढाच नियम.

परवाच्या मंगळवारचं सांगते. खिडकीपाशी एक निवृत्त इलेक्ट्रिशियन कुणाचा तरी बंद पडलेला टेबल फॅन उघडून बसले होते. शेजारी दहावीतला एक मुलगा मोबाइलचा टॉर्च धरून उभा. हा मुलगा मुळात घरी अभ्यासाला जागा नाही म्हणून यायला लागला. आता वही मिटून आधी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतो, ही त्याच्या आईची तक्रार आहे आणि ती खरी आहे. पलीकडच्या टेबलावर एक आजी एका मुलीला अपूर्णांक शिकवत होत्या. आजींना कमी ऐकू येतं, त्यामुळे मुलीला प्रत्येक उत्तर मोठ्यानं द्यावं लागतं. वर्गात जी तोंड उघडत नाही, ती इथे 'तीन अष्टमांश!' असं हॉलभर ऐकू जाईल इतक्या जोरात सांगते. कोपऱ्यात चार महिन्यांचं बाळ घेऊन एक तरुण आई बसली होती. ती काहीच करत नाही, नुसती तासभर बसते आणि जाते. अहवालात तिला कुठे दाखवायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

आता सांगा, खूण कुठे करू?

हा प्रश्न घेऊन मी कार्यालयात जाऊन आले. टेबलापलीकडचे गृहस्थ सज्जन होते, बसायला खुर्ची दिली. म्हणाले, "ज्येष्ठांवर करा. यंदा त्या लेखाशीर्षाखाली पैसे शिल्लक आहेत." मी विचारलं, मग मुलांचं काय? तर म्हणाले, "त्यांचा उल्लेखच करू नका." सल्ला वाईट हेतूनं दिलेला नव्हता. पण आम्ही एकदा असं करून पोळलो आहोत. तेव्हा 'बालके'वर खूण केली होती. पैसे आले, खुर्च्या घेतल्या, आणि तपासणीत आक्षेप निघाला की बालकांच्या योजनेतून मोठ्या माणसांच्या मापाच्या खुर्च्या का? खुलासा लिहिण्यात आमचे तीन रविवार गेले. तेवढ्यात गळकं छत दुरुस्त झालं असतं.

खर्च वाया गेला हे माझं रडगाणं नाही, महोदय. माझं म्हणणं एवढंच आहे की आमच्या जागेत जे काही चांगलं घडतं ते दोन चौकटींच्या मधल्या भिंतीवर घडतं, आणि आपला अर्ज नेमकी तीच भिंत पक्की करायला सांगतो. आजींना ज्येष्ठांच्या विरंगुळ्याला बसवलं आणि मुलीला बालकांच्या शिकवणीला, तर दोघींची नोंद होईल, पण 'तीन अष्टमांश' कुणी ओरडणार नाही.

ही कल्पना आमची नाही, नवीही नाही. १८८४ मध्ये लंडनच्या गरीब पूर्व भागात सॅम्युएल आणि हेन्रिएटा बार्नेट या दांपत्यानं टॉयन्बी हॉल सुरू केला. शिकलेल्या तरुणांनी वस्तीतच राहायचं आणि शेजारी म्हणून काम करायचं, अशी ती पद्धत. अमेरिकेतल्या समाजसेविका जेन अ‍ॅडम्स तिथे जाऊन आल्या आणि १८८९ मध्ये एलन गेट्स स्टार यांच्याबरोबर त्यांनी शिकागोत हल हाउस उघडलं. तिथे सकाळी लहान मुलांचा वर्ग भरे, संध्याकाळी त्याच परिसरात कामगारांचे वर्ग आणि मंडळं. मूल आलं की मागून आई यायची, आई आली की तिच्या अडचणी यायच्या. अ‍ॅडम्स यांना १९३१ चं शांततेचं नोबेल मिळालं. त्यांनी सातव्या रकान्यात काय लिहिलं असतं, असं कधी कधी मनात येतं.

शिकागोचीच दुसरी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. जुलै १९९५ मध्ये तिथे उष्णतेची लाट आली आणि सातशेहून जास्त माणसं दगावली. त्यांत एकटे राहणारे वृद्ध फार होते. एरिक क्लायननबर्ग या समाजशास्त्रज्ञानं पुढे शेजारशेजारच्या दोन वस्त्यांची तुलना केली, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. गरीब आणि एकट्या वृद्धांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं. तरी पहिल्या वस्तीत मृत्यूचं प्रमाण लाखामागे ४०, दुसरीत ४. दुसरीत रस्ते गजबजलेले होते, दुकानं उघडी होती, म्हाताऱ्यांना घराबाहेर पडायला कारण होतं आणि ते दिसले नाहीत तर कुणाच्या तरी लक्षात येत होतं. पहिलीतले रस्ते ओस पडले होते. तिथला वृद्ध दार लावून आत बसून राहिला.

आमच्या केंद्राचा खरा उपयोग हाच आहे. रोज येणारे एक आजोबा सलग दोन दिवस आले नाहीत, म्हणून टॉर्चवाला मुलगा त्यांच्या घरी बघून आला. ते न्हाणीघरात घसरून पडले होते, पाय मुरगळला होता, फोन दुसऱ्या खोलीत. याला कोणत्या योजनेचा लाभ म्हणायचं?

एकटेपणा हा म्हातारपणाचाच आजार आहे, असं चौकटी आखणाऱ्याला वाटत असावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांत एकाला एकटेपणा जाचतो, आणि त्याच्याशी निगडित मृत्यू वर्षाला ८ लाख ७१ हजारांच्या घरात आहेत. त्याच अहवालात १३ ते २९ वयोगटातल्या १७ ते २१ टक्के मुलामुलींनी एकटं वाटत असल्याचं सांगितलं आहे. म्हणजे टॉर्च धरणारा आणि फॅन उघडणारा, दोघांचं दुखणं एक असू शकतं. आपल्याकडे मात्र त्यांच्या फायली दोन वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत.

फॅनवरून आठवलं. वस्तू टाकून न देता स्वयंसेवकांच्या मदतीनं दुरुस्त करायची, हा प्रकार आता 'रिपेअर कॅफे' नावानं पुष्कळ देशांत चालतो. त्याची सुरुवात मार्टिन पोस्टमा या पत्रकार बाईंनी २००९ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅममध्ये केली. आमच्याकडे हे नाव कुणाला ठाऊक नव्हतं. फॅन बंद पडला होता आणि उघडता येणारा माणूस समोर बसला होता, एवढंच. (तो फॅन अजून सुरू झालेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते.)

आता उलट बाजू. सगळ्या वयांची माणसं एका छताखाली आली की सगळं गोडीगुलाबीनं चालतं, असं मी म्हणणार नाही. कॅरमच्या आवाजावरून वाचणाऱ्यांशी खटके उडतात. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न तर फारच गंभीर आहे. नव्या स्वयंसेवकाची चौकशी आणि पडताळणी झाल्याशिवाय त्याला किल्ली द्यायची नाही, कुठल्याही मोठ्या माणसानं मुलाबरोबर बंद खोलीत एकटं बसायचं नाही, वर्ग चालू असताना दार सताड उघडं, हे नियम आम्ही स्वतःच घालून घेतले. आपल्या विभागानं ते सगळीकडे सक्तीचे केले तर मी पहिली टाळी वाजवीन. त्यासाठीची कागदपत्रं विनाशुल्क आणि लवकर मिळावीत, एवढीच विनंती. पडताळणीला चार महिने लागले, तर आलेला उत्साही माणूस तोवर निघून गेलेला असतो.

दुसरी अडचण आमची स्वतःची. यादीत नावं पुष्कळ आहेत, पण कुलूप उघडणारे हात फिरून फिरून तेच पाच. गेल्या पावसाळ्यात त्यांतल्या दोघी एकाच वेळी आजारी पडल्या आणि केंद्र नऊ दिवस बंद राहिलं. दहाव्या दिवशी उघडलं तेव्हा निम्मी मुलं परत आली नाहीत. त्यांना गोळा करायला दिवाळीपर्यंतचा काळ गेला.

म्हणून 'स्वयंसेवी' या शब्दाचा जो अर्थ मंत्रालयात लावला जातो, त्याबद्दल थोडं बोलायचं आहे. स्वयंसेवक वेळ देतो. वीज देत नाही, छत देत नाही, विमा देत नाही. आपल्या योजना 'नवीन उपक्रमा'ला पैसे देतात, तेही एका वर्षापुरते. मग आम्ही दरवर्षी जुन्याच कामाला नवं नाव शोधतो. वाचन कट्ट्याचा 'ज्ञानसंवाद प्रकल्प' झाला, आणि पुढच्या वर्षी त्याचंच आणखी काहीतरी होईल. नवा उपक्रम आम्हाला नको आहे. जुना चालू ठेवायचा आहे, आणि तेवढंच अवघड आहे.

जागेच्या बाबतीत डेन्मार्कमध्ये कायदाच आहे : लोकशिक्षण आणि संस्थांच्या कामासाठी स्थानिक प्रशासनानं आपल्याकडच्या रिकाम्या, योग्य जागा उपलब्ध करून द्यायच्या. संध्याकाळी किती शाळा आणि सरकारी सभागृहं कुलूपबंद असतात, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. जपानमध्ये १९४९ च्या सामाजिक शिक्षण कायद्यानं 'कोमिनकान' म्हणजे लोकांच्या सभागृहांना आधार दिला. त्या कायद्यात ही सभागृहं ठरावीक भागातल्या रहिवाशांसाठी आहेत असं म्हटलं आहे. वय नाही, पत्ता. माझ्या सातव्या रकान्याचं उत्तर तिथे सत्तर वर्षांहून आधी लिहून ठेवलं आहे.

तर माझ्या मागण्या अशा. त्या चार चौकटींशेजारी 'परिसरातील सर्व रहिवासी' अशी पाचवी चौकट द्या आणि तिला तिचं स्वतःचं लेखाशीर्ष द्या, नाहीतर चौकट असूनही पैसे नसतील. नवेपणाची अट न घालता वीज, विमा आणि डागडुजीचा खर्च सलग तीन वर्षांसाठी मंजूर करा. आणि आमच्यासारख्या चारपाच केंद्रांत मिळून एक पगारी माणूस द्या. वर्ग आम्ही घेऊ, किल्ल्याही आम्हीच सांभाळू. त्यानं फक्त हिशेब, पडताळणी आणि आपल्या विभागाची पत्रं बघावीत. केंद्र मात्र ताब्यात घेऊ नका. कोणत्या दिवशी काय चालावं, हे वरून ठरलं की पहिल्यांदा ती बाळवाली आई यायची बंद होईल. तिच्यासाठी वेळापत्रकात काहीही नाही, म्हणूनच ती येते.

अर्जाची मुदत या महिन्याच्या अखेरीस संपते. सातवा रकाना सध्या पेन्सिलीनंसुद्धा भरलेला नाही. तोवर आपलं उत्तर आलं तर त्याप्रमाणे खूण करीन. नाही आलं तर चारही चौकटींवर करून अर्ज पाठवणार आहे. तो छाननीत बाद झाला, तर कारण लेखी कळवावं, ही विनंती.

आपली नम्र,
वस्तीतल्या केंद्राची एक स्वयंसेविका
(पाळी : मंगळवार आणि शुक्रवार)