नखं तपासली, नाश्त्याचं विचारलंच नाही

महोदय,

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवायला लागून मला १९ वर्षं झाली. मागच्या महिन्यात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी मधुमेहाच्या पेशंट आजींना समजावत होती, जेवणाची वेळ चुकवू नका, उपाशी राहू नका. छान सांगत होती. मी मनातल्या मनात मार्कही देऊन टाकले. पाच मिनिटांनी बघते तर ती ड्रेसिंग ट्रॉली घट्ट धरून उभी, चेहरा पांढराफटक. आदल्या दुपारपासून पोटात फक्त कॉफी. आजींनीच तिला खुर्चीत बसवलं. ‘मला काय सांगत होतीस गं?’

सातची ड्यूटी, म्हणून नाश्ता बुडतो. रात्री केअर प्लॅन, म्हणजे पेशंटच्या देखभालीचे आराखडे लिहायचे, म्हणून झोप बुडते. संध्याकाळच्या कॉफीतलं जवळपास निम्मं कॅफिन पाच तासांनीही अंगात असतं, हे या मुली फार्माकॉलॉजीत पाठ करतात. कॉफी पीत पीत! वॉर्ड सोडून बाथरूमला जायची चोरी, म्हणून पाणीच पीत नाहीत. मग लघवीला जळजळ सुरू. हात धुण्यात मात्र एकही चुकायची नाही, कारण तिथे आमची नजर असते.

एक जण नाइट संपली की खिडकीला काळं कापड लावून, मोबाइल बंद करून झोपते. बाकीच्या तिला हसतात. रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं आहे. तरी नाइट उतरलेल्या मुलींना आम्ही सकाळी तासाला बसवतो आणि डुलक्या काढतात म्हणून ओरडतो.

मुलींना बेशिस्त म्हणून मोकळं होता येईल. पण रोज सकाळी नखं, केस, बूट मी तपासते, ड्यूटी लिस्टही मीच लावते. नाश्ता ‘वेळ मिळाला तर’, आणि तो मिळत नाही. सगळ्याच कॉलेजांनी नाश्त्याची सुट्टी ड्यूटी लिस्टवर लिहावी, एवढ्यासाठी हे पत्र.

मी लिहायला लागले आहे. साडेनऊपासून अर्धा अर्धा तास, दोन गट. पहिल्या दिवशी दोघी गेल्याच नाहीत. कारण विचारलं तर म्हणाल्या, ‘मॅडम, सिस्टरनीच अजून काही खाल्लं नाहीये. आम्ही कशा जाणार?’

– एक नर्सिंग शिक्षिका