बाबा, ती थेंबांची बाटली आता ठेवून द्या

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, उशाशी असते ती नाकात घालायची बाटली चष्मा लावून वाचा. त्यावर झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन लिहिलेलं असेल, तर महिनाभर न सुटणारं नाक बहुधा तिच्यामुळेच चोंदतंय. या औषधाने नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात, पाच-दहा मिनिटांत मोकळं वाटतं. पण रोज वापरलं की जोर ओसरताच आतलं अस्तर पहिल्यापेक्षा जास्त सुजतं आणि हात पुन्हा बाटलीकडे जातो. तीन दिवस, फार तर पाच, एवढीच त्याची मुदत. सोडताना आधी एका नाकपुडीत बंद करा. ती मोकळी राहू लागली की दुसरीत. पहिल्या काही रात्री जड जातील, तेव्हा डोक्याखाली आणखी एक उशी घ्या. तुमच्या बीपीलाही हे थेंब चांगले नाहीत. मेडिकलमधून सर्दीची गोळी तर आणूच नका. बऱ्याच गोळ्यांत फिनाइलेफ्रिन असतं. त्याने बीपी चढू शकतं, आणि प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी अडते.

डॉक्टरांनी दिलेला फ्लुटिकासोनचा (सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचा) स्प्रे वेगळा. तो सूज हळूहळू उतरवतो, पुरता गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. दोन दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका. घ्यायची रीत मात्र नीट हवी. बाटली हलवा, नवी असेल तर बारीक फवारा येईपर्यंत हवेत दाबा. मान किंचित पुढे, मागे मुळीच नाही. उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात, डावीसाठी उजव्या. म्हणजे टोक आपसूक बाहेर, डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेने वळतं. ते मधल्या पडद्याकडे राहिलं तर रोज तिथेच मारा बसून पडदा सोलवटतो आणि घोळणा फुटतो. दाबताना मोगऱ्याचा वास घ्यावा तसा हलका श्वास घ्या. जोरात ओढलंत तर औषध घशात जाऊन वाया जातं. आई, तुला काचबिंदू आहे, त्यामुळे बाबांचा स्प्रे डॉक्टरांना विचारल्याशिवाय तू घेऊ नकोस.

तुझ्यासाठी नाक धुवायला मिठाचं पाणी उत्तम, बाबांनाही चालेल. पाणी पाच मिनिटं खळखळ उकळून कोमट होऊ दे. नळाचं पाणी थेट नाकात कधीच नको. त्यातला अमीबा क्वचित का होईना, नाकातून मेंदूपर्यंत पोचतो आणि तो आजार जिवावर बेततो. एक कप, म्हणजे २४० मिली पाण्याला चहाचा अर्धा चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. मीठ कमी पडलं तर आत झोंबतं. मेडिकलमध्ये तयार पुड्याही मिळतात. बेसिनवर वाकून, तोंडाने श्वास घेत एका बाजूने सोड, दुसरीकडून बाहेर येऊ दे. नंतर दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात शिंकरू नकोस, कानात दडा बसतो. बाबा, तुम्ही आधी हे धुणं, पंधरा मिनिटांनी स्प्रे.

बामने नाक उघडत नाही, मेंथॉलच्या गारव्याने तसं वाटतं एवढंच. छातीला लावा, नाकपुडीत नको. नाकात तेल-तूपही नको. वयस्कर माणसाच्या ते नकळत फुप्फुसात उतरतं. वाफ घ्यायची तर टेबलावर, पातेलं मांडीवर घेऊन कधीच नाही.

एकाच बाजूने रक्त येत राहिलं, डोळ्याभोवती सूज आली किंवा ताप चढला तर वाट न पाहता कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा. रविवारी व्हिडिओ कॉल करते, तेव्हा स्प्रे हातात घेऊन बसा. हात कसा धरता ते मला बघायचंय.

तुमची लेक