चौकटीतल्या औषध-जाहिराती आणि बाटलीतले मॉर्फिन

महोदय,

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी औषध-जाहिरातींच्या रंगीत प्रतिकृती चौकटीत बसवून भिंतीवर लावण्याची आवड वाढते आहे. ही चित्रे देखणी आहेत, हे मी आनंदाने मान्य करतो. परंतु आयुष्य औषधांच्या दुकानात काढलेला माणूस म्हणून मला फार खटकते ते हे की, त्या औषधांत काय होते याचा एका ओळीनेही उल्लेख प्रतिकृतींवर सहसा नसतो.

अल्बनी येथील लॉइड कंपनीची १८८५च्या सुमाराची जाहिरात पुष्कळांनी पाहिली असेल. तीत दोन गोजिरवाणी मुले काटक्या रचून खेळत आहेत आणि १५ सेंटला मिळणाऱ्या दातदुखीच्या थेंबांची ग्वाही आहे. ते थेंब कोकेनचे होते. निदान तिथे कोकेनचे नाव ठळक छापलेले आहे. ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’च्या चित्रांत मात्र फक्त प्रसन्न आई आणि गुटगुटीत बाळ दिसते. दात येताना किरकिरणाऱ्या बाळांना दिले जाणारे हे सिरप मॉर्फिनयुक्त होते. बाळ शांत व्हायचे ते गुंगीने, आणि मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावत जाऊन दगावायचेही. १९११ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या सिरपला बालघातक औषधांत गणले.

ही चित्रे मुळातच घरात जपली जावीत म्हणून काढलेली होती, हे इथे ध्यानात घेतले पाहिजे. रंगीत शिळाछपाई स्वस्त झाल्यावर कंपन्यांनी अशी कार्डे छापून दुकानदारांमार्फत फुकट वाटली आणि लोकांनी ती हौसेने वह्यांत चिकटवली. पुढे चित्र, तर मागे बऱ्या होणाऱ्या रोगांची लांबलचक यादी आणि समाधानी रुग्णांची पत्रे, अशी अनेक कार्डांची रचना असे. आजच्या प्रतिकृतीत पुढची बाजू तेवढी येते, म्हणजे फसवणुकीचा मजकूर गळतो आणि तिचे आमिष भिंतीवर राहते. स्त्रियांच्या विकारांवर मद्यार्कयुक्त औषध विकणाऱ्या लिडिया पिंकहॅम यांचा सात्त्विक चेहरा असाच लोकप्रिय आहे. त्या १८८३ साली वारल्या, तरीही ‘मिसेस पिंकहॅम यांना पत्र लिहा’ असे आवाहन पुढे वर्षानुवर्षे छापले जात होते. अखेर १९०५ साली ‘लेडीज होम जर्नल’ने त्यांच्या थडग्यावरील दगडाचे छायाचित्रच छापले.

या औषधांचे घटक गुप्त ठेवण्याची मोकळीक १९०६च्या अमेरिकी कायद्याने बऱ्याच अंशी संपवली. त्याने अशा औषधांवर सरसकट बंदी घातली नाही, पण मद्यार्क, अफू, मॉर्फिन, कोकेन यांसारखे घटक असल्यास ते प्रमाणासह लेबलवर नमूद करणे बंधनकारक केले. या कायद्याने बाटलीवर जे छापायला लावले, ते प्रतिकृतीच्या तळाशी छापायला आजच्या विक्रेत्यांना काय अडचण आहे? औषधाचे नाव, वर्ष आणि मुख्य घटक एवढे एका ओळीत सहज मावते आणि चित्राची शोभाही उणावत नाही. ज्यांच्या घरी अशी चौकट आधीच आहे, त्यांनी ही ओळ स्वतः लिहून लावावी. बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात आणि औषधांच्या दुकानात मात्र विन्स्लो सिरपचे चित्र लावूच नये, कारण तिथे आलेली आई भिंतीवरच्या प्रत्येक चित्राला डॉक्टरांची संमती आहे असेच धरून चालते.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता, पुणे